सात वाव पाणी

विमानात तिघांनी बसायची रीत होती, त्या रात्री दोघेच बसले. मशीनगनवाल्याला मागे ठेवलं होतं. त्याच्या जागेवर निरीक्षक सरकला आणि निरीक्षकाच्या जागी पेट्रोलची जादा टाकी आली. टाकीला नाक लावून बसायचं, डोक्यावर छप्पर नाही, नोव्हेंबरची थंडी आणि खाली काळा भूमध्य समुद्र. एखादी गोळी त्या टाकीत शिरली तर पुढं काय, याचा विचार कोणी बोलून दाखवत नव्हतं. विमानाला वर-खाली असे पंखांचे दोन थर होते, सांगाड्यावर कापड ताणलेलं होतं आणि पोटाखाली सातशे किलोचा टॉर्पेडो टांगलेला होता. एवढं ओझं घेऊन ताशी दोनशे किलोमीटर गाठतानाही त्याला धाप लागायची. कागदोपत्री नाव स्वोर्डफिश, पण वैमानिक त्याला ‘स्ट्रिंगबॅग’ म्हणत, म्हणजे बाजाराला न्यायची जाळीची पिशवी. काहीही कोंबा, मावतं.

११ नोव्हेंबर १९४०. ग्रीसच्या केफालोनिया बेटाच्या पश्चिमेला ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून रात्री पावणेनऊच्या सुमारास बारा स्वोर्डफिश विमानं उडाली. तासाभरानं आणखी नऊ निघाली, त्यातलं एक बिघाडामुळं वाटेतूनच परतलं. जायचं होतं तीनशे किलोमीटरवर, इटलीच्या बुटाच्या टाचेत वसलेल्या तारांतोला. इटलीच्या सहाच्या सहा मोठ्या युद्धनौका त्या रात्री तिथं नांगर टाकून उभ्या होत्या.

पर्ल हार्बर ऐकलेलं नाही असा मराठी वाचक विरळा. तारांतोचं नाव मात्र पुष्कळांना नवं वाटेल. खरं तर पर्ल हार्बरची गोष्ट तारांतोपासून सांगायला हवी, आणि तीही बॉम्ब-विमानांची म्हणून नव्हे, तर पाण्याच्या खोलीची म्हणून. आपल्याकडे कोकणातले दर्यावर्दी खोली मोजतात ती वावेत. दोन्ही हात पसरून दोरी धरली की एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. आणि मराठीत ‘वाव’ म्हणजे संधीसुद्धा. या गोष्टीत दोन्ही अर्थ एकमेकांत गुंतले आहेत.

बंदर म्हणजे आसरा, ही समज समुद्रावर जगणाऱ्या माणसाइतकीच जुनी. आपल्याकडे पावसाळा तोंडावर आला की होड्या खाडीत ओढून शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा लोटायच्या. मधले दोन-तीन महिने होडी सुरक्षित, कारण ती समुद्रात नाही. आरमारांचं गणितही तसंच होतं. दगडी धक्का, किनाऱ्यावरच्या तोफा, अरुंद तोंड, आत शांत पाणी. लढाई व्हायची ती बाहेर, आत डागडुजी, कोळसा-तेल आणि झोप. या समजुतीला तडे आधीही गेले होते. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या आसऱ्याला उभं असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात जागच्या जागी जळालं. एका जहाजावर गोळा पडला आणि आग या गलबतावरून त्या गलबतावर गेली. (त्या वेळी पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरलं होतं, ही आपली जुनी ठसठस.) १९०४ मध्ये जपानी विनाशिकांनी पोर्ट आर्थरबाहेर नांगरलेल्या रशियन नौकांवर रात्री टॉर्पेडो सोडले आणि युद्धाची घोषणा त्यानंतर केली. पण या दोन्ही ठिकाणी शत्रू पाण्यावरूनच आला होता. आकाशातून येऊन बंदरातल्या पाण्यात टॉर्पेडो सोडायचा, ही गोष्ट वेगळी होती आणि ती न जमण्याचं कारण साधं होतं. विमानातून सोडलेला टॉर्पेडो आधी दगडासारखा खाली जातो, मग वर येऊन नेमलेल्या खोलीवर पळू लागतो. उथळ बंदरात तो वर यायच्या आधीच तळाच्या चिखलात घुसणार. म्हणजे बंदराचं उथळपण हेच त्याचं कवच.

ब्रिटिशांनी तारांतोचा आराखडा पाच वर्षं फायलीत जपला होता. इटलीनं ॲबिसिनियावर चढाई केली त्या १९३५ सालापासूनचा तो विचार. १९३८ मध्ये म्युनिकच्या पेचप्रसंगात लम्ली लिस्टर या कॅप्टननं त्यावर पुन्हा हात फिरवला होता. १९४० मध्ये तोच लिस्टर रिअर ॲडमिरल होऊन इलस्ट्रियसवर आला आणि अलेक्झांड्रियात बसलेल्या ॲडमिरल कनिंगहॅमपुढं त्यानं तो जुना कागद ठेवला. दिवस ठरला २१ ऑक्टोबर, ट्रफाल्गारच्या विजयाचा. तोच इलस्ट्रियसच्या हँगरमध्ये आग लागली आणि मुहूर्त हुकला. दुसरी विमानवाहू नौका ‘ईगल’ आजारी पडली, तिची काही विमानं उचलून इलस्ट्रियसवर आणली गेली. पेट्रोलमध्ये पाणी निघालं आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत तीन विमानं समुद्रात गेली. तीस विमानांचा बेत घसरत एकवीसवर आला. इतिहासाच्या पुस्तकात सरळ बाणांनी दाखवलेल्या मोहिमा जवळून पाहिल्या की अशाच दिसतात, ठिगळं लावलेल्या.

मात्र दोन गोष्टी ब्रिटिशांनी नीट केल्या होत्या. एक म्हणजे टेहळणी. माल्टाहून ‘मेरीलँड’ विमानं रोज तारांतोचे फोटो काढून आणत. त्या फोटोंत तज्ज्ञांना बारीक पांढरे ठिपके दिसले. ते होते विमानांना अडवायला तारेनं बांधून सोडलेले फुगे. ते कुठं आहेत आणि कुठं नाहीत, हे कळलं. वादळानं त्यातले पुष्कळसे तोडून नेल्यामुळं हल्ल्याच्या रात्री जेमतेम सत्तावीस उरले होते.

दुसरी गोष्ट टॉर्पेडोची. विमानाच्या नाकाखाली एक छोटं रीळ बसवलं होतं. त्यावर गुंडाळलेल्या तारेचं टोक टॉर्पेडोच्या तोंडाला. टॉर्पेडो सुटला की तार उलगडत जायची, पण ओढ ठेवून. त्यामुळं त्याचं तोंड खाली झुकायचं नाही, तो सूर मारण्याऐवजी पोटावर पडायचा. विहिरीत पोहायला शिकताना पहिल्या उडीला आपण पडतो तसा, सपकन. विद्यापीठातलं संशोधन नव्हे, कारखान्यातली युक्ती. आणि टॉर्पेडोच्या टोकाला असा चाप होता की जहाजाच्या लोखंडाच्या चुंबकत्वानंही तो उडावा. म्हणजे जहाजाच्या कुशीत घुसायची गरज नाही, पोटाखालून गेला तरी काम झालं. इटालियनांनी जहाजांभोवती पोलादी जाळ्या सोडल्या होत्या, पण गरज होती जवळपास तेरा किलोमीटरची आणि पाण्यात होत्या सव्वाचार. त्याही जहाजाच्या तळापर्यंतच पोचणाऱ्या. टॉर्पेडो त्यांच्या खालून जाणार होते.

‘अचानक हल्ला’ म्हणतात त्यात खरोखर अचानक किती असतं? तारांतोत त्या संध्याकाळपासून भोंगे वाजत होते. पहिल्या तुकडीतलं एक विमान ढगात वाट चुकून इतरांच्या पंधरा मिनिटं आधीच पोचलं आणि सोबत्यांची वाट पाहत बंदराबाहेर घिरट्या घालत बसलं. इटालियनांकडं रडार नव्हतं, पण आवाज टिपणारी मोठाली कर्णयंत्रं होती. तोफा आधीच सुरू झाल्या होत्या. बाकीची विमानं आली तेव्हा तारांतोवर लाल-हिरव्या-पांढऱ्या गोळ्यांची आतषबाजी चालू होती आणि ती त्यांना कित्येक किलोमीटरांवरून दिसत होती. म्हणजे शत्रू येतोय हे बंदराला ठाऊक होतं. अचानक होतं ते वेगळंच. जे होऊच शकत नाही असं धरून चाललं होतं, ते होत होतं.

अकराच्या सुमारास बंदराच्या पूर्व कडेला उजेडाच्या नळ्या सोडल्या गेल्या. ‘मार ग्रांदे’ म्हणजे बाहेरचं मोठं बंदर पिवळ्या प्रकाशात उभं राहिलं आणि युद्धनौकांच्या काळ्या आकृत्या पश्चिमेकडून येणाऱ्या वैमानिकांना स्वच्छ दिसल्या. पहिल्या तुकडीचा म्होरक्या लेफ्टनंट कमांडर केनेथ विल्यमसन. फुग्यांच्या तारांमधून वाट काढत तो पाण्याला जवळजवळ चाकं लागतील इतका खाली आला, ‘कोंते दी काव्हूर’ या युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडला आणि पुढच्याच क्षणी पाण्यात कोसळला. तो आणि निरीक्षक स्कार्लेट पोहत एका तरंगत्या गोदीपर्यंत गेले. तिथल्या कामगारांनी दोघांना आधी यथेच्छ चोप दिला, मग नौदलाच्या ताब्यात दिलं. त्यानंतर मात्र त्यांना बरी वागणूक मिळाली. कैदेत असताना त्यांना कळलं की काव्हूर बुडाली.

किनाऱ्यावरून आणि जहाजांवरून हजारो गोळे उडाले. विमानं पडली दोन. कारण विमानं इतकी खाली होती की त्यांच्यावर तोफ रोखायची तर नळी आडवी करावी लागे, आणि नळी आडवी केली की समोर आपलंच जहाज किंवा आपलंच गाव. शिवाय विमानाचा संथपणाही कामी आला असावा. कापडातून गोळी आरपार जाई, विमान उडत राही. आतल्या ‘मार पिकोलो’ बंदरात पडलेले बॉम्ब बरेचसे फुटलेच नाहीत. ‘त्रेंतो’ या क्रूझरवर पडलेला एक नुसताच भोक पाडून राहिला.

अकरा टॉर्पेडो सोडले गेले. पाच लागले. नव्या कोऱ्या ‘लित्तोरिओ’ला तीन, ‘काव्हूर’ला एक आणि ‘काइओ दुइलिओ’ला एक. लित्तोरिओच्या खाली चिखलात न फुटलेला आणखी एक सापडला. इटलीची एकोणसाठ माणसं गेली, ब्रिटिशांची दोन. पहाटे तीनच्या आत विमानं परतली. सकाळी इलस्ट्रियस ताफ्यात परत आली तेव्हा कनिंगहॅमनं झेंड्यांनी संदेश दिला. शब्द एवढेच की इलस्ट्रियसनं हालचाल व्यवस्थित पार पाडली. कवायत छान झाली म्हणावं तसं.

तारांतोनं भूमध्य समुद्राचा नकाशा बदलला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते थोडं फुगवलेलं वाटतं. लित्तोरिओ आणि दुइलिओ सहा-सात महिन्यांच्या आत दुरुस्त होऊन आल्या. बुडाली ती खऱ्या अर्थानं एकच, काव्हूर. तिला वर काढून त्रिएस्तला नेलं, पण १९४३ मध्ये इटलीनं शस्त्रं ठेवली तरी तिची दुरुस्ती संपलेली नव्हती. हल्ल्यानंतर आठवड्याच्या आतच इटलीचा ताफा दोन युद्धनौका घेऊन पुन्हा समुद्रात उतरलाही. जहाजांच्या टनांत मोजलं तर तारांतोचा परिणाम मोठा, पण निर्णायक नव्हे. दोनच महिन्यांनी, १० जानेवारी १९४१ ला, जर्मन स्टुका विमानांनी त्याच इलस्ट्रियसला माल्टाजवळ असं बदडलं की तिला शेवटी दुरुस्तीसाठी अमेरिकेत जावं लागलं.

मग राहिलं काय? हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी धडधाकट उरलेल्या इटालियन युद्धनौका तारांतो सोडून नेपल्सकडं निघाल्या. ग्रीस, क्रीट, उत्तर आफ्रिकेचे समुद्रमार्ग, हे सगळं गाठायला तारांतो जवळचं, नेपल्स लांबचं. एका रात्रीत इटलीनं बंदर गमावलं नाही, बंदरावरचा भरवसा गमावला. महिनाभरात नौदलप्रमुख काव्हान्यारी गेले, ताफ्याचे सेनापती काम्पिओनी बदलले गेले. आणि जगातल्या प्रत्येक नौदल मुख्यालयात कोणीतरी आपल्या बंदराचा नकाशा पसरून खोलीचे आकडे बघू लागलं.

अमेरिकेचा एक नौदल निरीक्षक तर हल्ल्याच्या वेळी इलस्ट्रियसवरच होता, त्याचा अहवाल वॉशिंग्टनला गेला. २४ जानेवारी १९४१ ला नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांनी युद्धमंत्र्यांना पत्र लिहिलं. जपानशी युद्ध झालंच तर ते पर्ल हार्बरमधल्या ताफ्यावर किंवा तळावर अचानक हल्ल्यानं सुरू होऊ शकतं, असं त्यात स्पष्ट होतं. धोक्यांच्या यादीत हवाई बॉम्बहल्ला आणि हवाई टॉर्पेडो हे पहिले दोन. मार्चअखेरीस हवाईतल्याच दोन अधिकाऱ्यांनी, मार्टिन आणि बेलिंजर यांनी, पहाटे विमानवाहू नौकांवरून हल्ला कसा येईल हे लिहून ठेवलं. ‘कुणालाच कल्पना नव्हती’ हे पर्ल हार्बरबद्दलचं सर्वांत लोकप्रिय वाक्य आहे आणि ते खोटं आहे.

पण कल्पना असणं आणि मनाला पटणं यांच्यात अंतर असतं. इथं ते अंतर वावेत मोजता येतं. १५ फेब्रुवारीला नौदलप्रमुख हॅरल्ड स्टार्क यांनी पर्ल हार्बरमधल्या ताफ्याचे प्रमुख ॲडमिरल किमेल यांना लिहिलं. विमानातून टॉर्पेडो टाकायचा तर किमान पंचाहत्तर फूट पाणी हवं, दीडशे असेल तर उत्तम. पंचाहत्तर फूट म्हणजे साडेबारा वाव. पर्ल हार्बरची खोली चाळीस-पंचेचाळीस फूट, सात वाव धरा. बंदर अरुंद, गर्दी फार, जाळ्या सोडल्या तर जहाजांना वळायलाही अडचण. मार्चमध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी कळवलं की इतक्या उथळ पाण्यात जाळ्यांची गरज दिसत नाही. हिशेबात चूक नव्हती.

मग १३ जूनचं पत्र येतं, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत शिकण्याजोगा कागद आहे. आधीच्या पत्रातली पंचाहत्तर फुटांची रेघ ते पुसून टाकतं. अमुक खोलीपेक्षा कमी पाण्यात जहाज सुरक्षित असं धरून चालता येणार नाही, असं सांगतं. इथंच थांबलं असतं तर कदाचित जाळ्या आल्या असत्या. पण सरकारी पत्राला थांबवत नाही. पुढं जोड आहे की हल्लेखोर खोलीचा विचार करणारच, आणि दहा वाव किंवा त्याहून खोल पाण्यात हल्ला होण्याचा संभव अधिक. त्याला टेकू म्हणून तारांतोचाच दाखला. तिथं ब्रिटिशांनी टॉर्पेडो सोडले ते साधारण तेरा ते पंधरा वाव पाण्यात, काही कदाचित अकरा-बारा वाव. वाचणाऱ्यानं काय घ्यायचं? आपलं पाणी सात वाव, दहाच्या आत. धोका आहे, पण दुसरीकडं. ज्या कोणी फायलींवर आयुष्य काढलं आहे त्याला हे पत्र ओळखीचं वाटेल. सगळं कळवलेलं असतं आणि कोणालाच काही करायला लावलेलं नसतं.

तेच आकडे जपान्यांसमोर होते. ॲडमिरल इसोरोकु यामामोतो यांना पर्ल हार्बरची कल्पना तारांतोवरून सुचली, असं सर्रास म्हणतात. ते तितकं खरं नाही. हवाईवर हवाई हल्ला करण्याचं त्यांच्या मनात १९४० च्या वसंतातच घोळत होतं, तारांतोच्या आधी. तारांतोनं बी पेरलं नाही, शंकेखोरांची तोंडं बंद केली. ७ जानेवारी १९४१ ला यामामोतोंनी नौदलमंत्र्यांना पत्र लिहून बेत मांडला. बर्लिनच्या वकिलातीतले ताकेशी नाइतो तारांतोला जाऊन आले. मे-जूनमध्ये जपानचं शिष्टमंडळही तिथं जाऊन पाहून आलं. ऑक्टोबरात नाइतो आणि हल्ल्याचे हवाई म्होरके मित्सुओ फुचिदा यांची तारांतोवर दीर्घ बोलणी झाली.

अमेरिकेनं सात वाव वाचले आणि म्हटलं, वाव नाही. जपाननं तेच सात वाव वाचले आणि म्हटलं, वाव काढायचा.

काढला तो दोन बाजूंनी. एक बाजू माणसांची. क्यूशू बेटावर कागोशिमा नावाचं शहर आहे. समोर उपसागर, मागे शिरोयामा टेकडी, ठेवण पर्ल हार्बरशी मिळतीजुळती. १९४१ च्या उन्हाळ्यापासून तिथल्या लोकांच्या घरांवरून रोज टॉर्पेडो विमानं जाऊ लागली. टेकडीच्या कुशीतून खाली उतरायचं, कौलांना जवळजवळ चाटत धक्क्यापर्यंत यायचं, पाण्यावर वीस मीटर उंचीला स्थिर व्हायचं आणि सोडायचं. वैमानिकांनाही पत्ता नव्हता की हे कशासाठी. शिगेहारू मुराता त्यांचे म्होरके. महिनोन्‌महिने टॉर्पेडो चिखलात रुतत राहिले.

दुसरी बाजू लाकडाची. टॉर्पेडोच्या शेपटीला लाकडी पंख बसवले. हवेत असेतो ते टॉर्पेडोला सरळ ठेवायचे, पाण्याला लागताच तुटून पडायचे. त्याखेरीज तो कलंडू नये म्हणून छोट्या पंखांची योजना होती. जी गोष्ट ब्रिटिशांनी तारेच्या रिळानं साधली ती जपान्यांनी लाकडाच्या फळ्यांनी साधली आणि आणखी उथळ पाण्यात साधली. कारखान्यातून शेवटचे टॉर्पेडो आले तेव्हा ताफा निघायला काही दिवसच उरले होते. २६ नोव्हेंबरला कुरील बेटांतल्या हितोकाप्पू उपसागरातून सहा विमानवाहू नौका गुपचूप निघाल्या.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ७ डिसेंबर १९४१, रविवार, सकाळी आठला पाच मिनिटं कमी. दोन लाटांत साडेतीनशेच्या वर विमानं, पहिल्या लाटेत टॉर्पेडोवाली चाळीस. फोर्ड बेटाच्या कडेला युद्धनौका जोडीजोडीनं बांधलेल्या होत्या. बाहेरच्या बाजूच्या ‘ओक्लाहोमा’ आणि ‘वेस्ट व्हर्जिनिया’ यांना एकामागून एक टॉर्पेडो लागले. ओक्लाहोमा काही मिनिटांत पालथी झाली. आतल्या बाजूच्या जहाजांना बाहेरच्यांची आड मिळाली, त्यांच्यासाठी वरून टाकायचे चिलखतभेदी बॉम्ब होते. ‘ॲरिझोना’ तशाच एका बॉम्बनं फुटली आणि एकट्या त्या जहाजावर १,१७७ माणसं गेली. एकूण मृत २,४०३. काही टॉर्पेडो इथंही चिखलात रुतले. बहुतेक रुतले नाहीत.

आणि हो, इथंही सूचना मिळालीच होती. पर्ल हार्बर ज्या बेटावर आहे त्याच्या उत्तर टोकाला, ओपाना इथं, रडारवर दोन सैनिकांनी सात वाजून दोन मिनिटांनी मोठा ठिपका पाहिला. त्यांनी फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटलं, ही अमेरिकेहून येणारी आपलीच बी-१७ विमानं. तारांतोकडं रडार नव्हतं, पर्ल हार्बरकडं होतं. फरक पडला नाही.

पण जिंकणारेही तारांतो अर्धंच वाचतात. जपान्यांनी जहाजं मोजली. बंदरातले तेलाचे साठे, पंचेचाळीस लाख पिंपं, तसेच राहिले. दुरुस्तीच्या गोद्या राहिल्या, पाणबुड्यांचा तळ राहिला. विमानवाहू नौका तर त्या दिवशी बंदरात नव्हत्याच. बुडालेल्या बहुतेक युद्धनौका वर काढून, दुरुस्त करून पुन्हा लढायला पाठवल्या गेल्या, कारण त्या सात वाव पाण्यात बुडाल्या होत्या. उथळ पाणी टॉर्पेडोपासून वाचवू शकलं नाही, पण बुडालेलं जहाज त्यानं गिळलं नाही. खोल समुद्रात तीच जहाजं कायमची गेली असती.

किमेल यांना पदावरून काढलं गेलं. त्यांच्या घरच्यांनी पुढं कित्येक दशकं त्यांचा हुद्दा परत मिळावा म्हणून झगडा केला. २००० साली अमेरिकी संसदेनं तशी शिफारसही केली, राष्ट्राध्यक्षांनी ती अमलात आणलेली नाही. त्या वादात पडावंसं मला वाटत नाही. जूनचं ते पत्र वाचल्यावर कुणा एका माणसाला फाशी द्यावीशी वाटत नाही, एवढंच.

पर्ल हार्बर करून तोच जपानी ताफा, थोड्याफार फरकानं, १९४२ च्या एप्रिलात हिंदी महासागरात आला. ५ एप्रिलला ईस्टरच्या रविवारी कोलंबो, ९ एप्रिलला त्रिंकोमाली. मधल्या एका दिवशी त्यांच्या दुसऱ्या एका तुकडीची विमानं विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर आली. पण ब्रिटिश ॲडमिरल सॉमरव्हिल यांनी धडा घेतला होता. त्यांना सांकेतिक संदेशांतून आगाऊ सुगावा लागला आणि कोलंबोचं बंदर त्यांनी जमेल तितकं रिकामं केलं. जपानी विमानांना हवा होता तो ताफा तिथं सापडला नाही. बाहेर समुद्रात ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशायर’ या क्रूझर सापडल्या, चार दिवसांनी ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका. त्यानंतर ब्रिटिशांनी जुन्या, संथ युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याला पाठवल्या आणि वेगवान जहाजं मुंबईला आणली. इटलीनं तारांतो सोडून नेपल्स गाठलं होतं, इथं श्रीलंका सोडून मुंबई आणि मोंबासा. जपान्यांच्या हे लक्षात होतं. १९४४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी विमानं त्यांच्या ट्रूक तळावर आली तेव्हा त्यांनी मोठ्या युद्धनौका आठवडाभर आधीच तिथून हलवल्या होत्या.

आपल्या घरचा दाखला मुंबईचाच. सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या क्षेपणास्त्र बोटी आल्या तेव्हा त्या उचलायला मुंबईत तेवढी मोठी क्रेन नव्हती. त्या कलकत्त्याला उतरवल्या आणि दोरखंड बांधून ओढत अर्धा देश वळसा घालून मुंबईला आणल्या. या बोटी किनारा राखायला बांधलेल्या, तेल थोडं, पल्ला कमी. पण ओढून इतक्या लांब आणता येतात, तर ओढून कराचीजवळही नेता येतील. नौदलप्रमुख सरदारीलाल नंदा यांचं लहानपण कराचीच्या मनोरा बेटावर गेलेलं, ते बंदर त्यांना पाठ. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कमांडर बब्रुभान यादव यांच्या हाताखाली ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ कराचीवर गेल्या. ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका क्षेपणास्त्रानं उडाली. बुडता बुडता तिनं संदेश दिला की शत्रूच्या विमानांनी हल्ला केला आहे. दूरच्या एका छोट्या बोटीवरून हे आलं असेल, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. ज्या बाजूनं काही येऊच शकत नाही असं धरलं होतं, नेमकं त्याच बाजूनं आलं. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन.

आणि अगदी अलीकडचं, २९ ऑक्टोबर २०२२. युक्रेनजवळ नाव घेण्याजोगं आरमार उरलं नव्हतं. त्यानं माणसाविना चालणाऱ्या छोट्या होड्या आणि ड्रोन सेवास्तोपोलच्या बंदरात सोडले. पुढच्या वर्षी तिथल्या गोदीत उभी असलेली पाणबुडी आणि एक मोठी नौका क्षेपणास्त्रांनी फुटली. रशियानं काळ्या समुद्रातला बराचसा ताफा उचलून नोव्होरोसिस्कला हलवला.

तारांतोत आजही इटलीच्या नौदलाचा मोठा तळ आहे. शहराच्या मधोमध फिरता पूल आहे, जहाजाला आतल्या बंदरात जायचं असलं की तो दोन्हीकडं बाजूला वळतो आणि लोक काठावर उभे राहून पाहतात. १९४० च्या त्या रात्री ज्या बाहेरच्या बंदरात उजेडाच्या नळ्या पडल्या, तिथं आता नव्या धक्क्याला एक विमानवाहू नौका बांधलेली असते. तिचं नाव ‘काव्हूर’.